विरामबाईंचा तास

विरामबाई बोलता बोलता विरामचिन्हंही बोलून टाकायच्या. नेहमी नाही, पण घाईत असल्या किंवा चिडल्या की हमखास. “पाणी सांडलंय, स्वल्पविराम, फडकं घे, स्वल्पविराम, आणि पुन्हा बाटली बाकावर ठेवलीस तर बघ, पूर्णविराम!” ज्याला रागावल्या तो फडकं घेऊन वाकायचा आणि वाकल्या वाकल्या हसून घ्यायचा. पोरांनी आधी त्यांना ‘स्वल्पविरामबाई’ म्हणायला घेतलं. ते तोंडात मावेना, म्हणून नुसतं ‘विरामबाई’. त्यांना हे ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं, ‘विरामबाई आल्या’. बाईंनी खडू उचलला, वाक्याच्या शेवटी ठळक पूर्णविराम दिला आणि तास सुरू केला.

ही खोड छापखान्यातली. शाळेत येण्याआधी बाई एकोणीस वर्षं एका छापखान्यात होत्या. तिथे प्रुफं तपासायला माणसं जोडीने बसायची. एकाने हाताने लिहिलेला मूळ कागद मोठ्याने वाचायचा, एकूण एक चिन्हासकट. दुसऱ्याने छापून आलेल्या कागदावर डोळा ठेवायचा आणि चूक दिसली की खूण करायची. बाई वाचायच्या. खुणा करायचे त्यांचे यजमान. तेव्हा ते यजमान नव्हते, समोरच्या खुर्चीवरचे एक गप्प गृहस्थ होते.

“आमचं लग्न टेलिफोनच्या यादीवर जमलं,” बाई सांगायच्या. “मी आठशे पानं नावं आणि आकडे वाचले आणि यांनी आठशे पानं ऐकून घेतली. एकदाही जांभई नाही. म्हटलं, एवढं ऐकून घेणारा माणूस पुन्हा कुठे मिळायचा?”

मग यजमान गेले. दोन वर्षांनी छापखानाही गेला, म्हणजे तपासायचं काम संगणकावर गेलं आणि खुर्च्या भंगारात. त्यानंतर बाई काही वर्षं कुठे कुठे होत्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आमच्या शाळेत वाचनाच्या बाई म्हणून लागल्या. टॅबवरून मुलांना वाचायला शिकवायचं, असं ते काम. “ज्या यंत्रानं माझी खुर्ची नेली ना, त्याच्याच हाताखाली नोकरीला लागले बघ,” असं म्हणून त्या स्वतःच खुदकन हसायच्या.

मी त्यांच्या तासाला गेले ती शिक्षा म्हणून. मी आठवीत होते आणि मधल्या सुट्टीत माइक उघडा सापडला म्हणून मी हेडसरांच्या आवाजात जाहीर केलं होतं, “विद्यार्थी मित्रहो, काय आहे की, आज, काय आहे की, अर्ध्या दिवसाची सुट्टी.” अर्धी शाळा घरी गेली. दोन शिक्षकही गेले. हेडसरांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, “काय आहे की, तुला आवाजांची फार हौस. मग वर्षभर रोज शेवटच्या तासाला वाचनाच्या खोलीत जायचं. टॅब मोजायचे, वायरी लावायच्या, सहावीची पोरं सांभाळायची. काय आहे की, तिथे एकच आवाज असतो.”

तो एक आवाज कपाटात असायचा. भिंतीतल्या लोखंडी कपाटात बारा टॅब, प्रत्येकाला एक वायर. टॅबमध्ये गोष्टी होत्या आणि त्या वाचून दाखवणारी एक बाई होती. पोरांनी तिचं नाव ‘कपाटातली मावशी’ ठेवलं होतं. मावशी जो शब्द वाचायची, त्याच्याखाली पिवळी पट्टी सरकायची. बोट टेकवलं की थांबायची, दोनदा टेकवलं की मागचं वाक्य पुन्हा म्हणायची. तिचा वेग कमी करायला कासवाचं चित्र होतं. फक्त मावशीला सुखदुःख नव्हतं. ‘आजोबा वारले’ आणि ‘बटाटे संपले’ ती एकाच सुरात म्हणायची. मला तिचा आवाज दुसऱ्याच दिवशी यायला लागला. मी दारामागून “बटाटे. वारले.” म्हटलं, तर पोरं आपापल्या टॅबकडे बघायला लागली. बाई सोडून. बाई दाराकडे बघत होत्या.

“ये गं मैना, बाहेर ये,” त्या म्हणाल्या. “मावशी श्वास घेत नाही. तू घेतेस.”

त्या दिवसापासून मी मैना.

तासाला सहावीतली अकरा पोरं होती. वाचताना अडणारी. एक शिट्टी, त्याचा पुढचा दात अर्धा होता आणि ‘स’ आला की वाफ सुटायची. एक घोगऱ्या, बोलला की कुणीतरी टेबल सरकवल्यासारखं वाटायचं. आणि एक मुंगी. मुंगी एवढीशी होती, म्हणून मुंगी; बाकी तिचं काही सांगण्यासारखं नव्हतं, कारण ती बोलतच नव्हती. हजेरीला हात वर करायची, तोही कोपरापर्यंत.

ही पोरं वर्गात पुस्तक हातात आलं की पोट दुखतंय म्हणायची. बाईंनी त्यांना पुस्तक दिलंच नाही. कानात मावशी, समोर पिवळी पट्टी, आणि पट्टीबरोबर ओठ हलवायचे. आवाज नाही काढला तरी चालेल. दोन महिने नुसते ओठ हलत होते. मग एक दिवस घोगऱ्याचं टेबल सरकलं. मग शिट्टीची वाफ सुटली. मावशी पुढे गेली तरी कुणी हसत नव्हतं, कारण प्रत्येकाची मावशी वेगळ्या ओळीवर होती.

पण बाईंची खरी करामत पुढची. गोष्ट ऐन रंगात आली की त्या सगळ्यांची मावशी थांबवायच्या. मोठ्या अदबीनं. “मावशी, थांबा जरा. बोला रे, पुढे काय?” आणि मग खोलीत बाजार भरायचा. ज्यांना तोंड उघडायची भीती त्यांच्यासाठी ‘बिननावाची पाटी’ होती. टॅबवर प्रश्न लिहायचा, नाहीतर हळूच त्याच्या कानात सांगायचा. तो भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उमटायचा, नावाशिवाय.

एकदा गोष्ट होती एका म्हाताऱ्या घड्याळजीची. तो दुकान विकून मुलीकडे राहायला जातो. बाईंनी मावशीला थांबवलं. पोरं वाद घालायला लागली. शिट्टी म्हणाला, “विकायलाच पाहिजे, डोळ्यांना दिसत नाही तर स्क्रू पायात पडणार.” घोगऱ्या म्हणाला, “तुझ्या आजोबांनी विकलं का?” “माझ्या आजोबांचं दुकानच नाही, विकणार काय, दात?” आणि एवढ्यात भिंतीवर उमटलं: ‘दुकान विकलं ते घड्याळांना कोणी सांगितलं का’.

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मग सगळे एकदम बोलायला लागले. घड्याळांना काय कळतंय! कळतं, किल्ली देणारा हात बदलला की कळतं. आमच्या कुत्र्याला कळलं होतं. कुत्रं वेगळं. पंचवीस मिनिटं चाललं ते. बाईंनी फक्त उठून भिंतीवरच्या त्या वाक्याच्या शेवटी बोटाने प्रश्नचिन्ह काढल्यासारखं केलं. मी मागे वायरी गुंडाळत होते, म्हणून मला दिसलं. मुंगी टॅब छातीशी धरून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

मार्चमध्ये टक्केसाहेब आले. ते वरच्या कार्यालयातून यायचे आणि टक्क्यांशिवाय बोलायचे नाहीत. चहा दिला तर म्हणायचे, “साखर वीस टक्के कमी चालेल.” बाहेरच्या व्हरांड्यात ते हेडसरांशी बोलत होते आणि दाराच्या या बाजूला मी, शिट्टी आणि घोगऱ्या कान लावून होतो.

“शेवटी आकड्यांवरच आहे हो सगळं,” साहेब म्हणाले. “पुढच्या वर्षी हा तास ठेवायचा का नाही, ते मुलांच्या वाचनावरून टॅबच सांगेल. प्रत्येकाचं एक पान, टॅबमध्ये भरून पाठवा. आकडे बोलतील.”

“काय आहे की, आकडे आमचे, काय आहे की, उत्तम येतील.”

मग घंटा झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. आम्हाला पुढचं ऐकायची गरजही वाटली नाही. आकडे उत्तम आले की तास राहणार. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण पोरांचे आकडे आम्हाला माहीत होते. वाचून झालं की टॅब शब्दांना रंग द्यायचा: बरोबर ते हिरवे, अडखळले ते केशरी, चुकले ते लाल. वर्षाच्या सुरुवातीला या पोरांची पानं नुसती लाल असायची, वीस-बावीस टक्के. आता चाळीसच्या पुढे, पंचेचाळीसपर्यंत गेली होती. घोगऱ्या म्हणाला, “पंचेचाळीस म्हणजे काय उत्तम? पंचेचाळीस म्हणजे नापास होता होता राहिलेला.” शिट्टी माझ्याकडे बघत होता. “तुला माझा आवाज येतो ना?” तो म्हणाला.

येत होता. मला सगळ्यांचे येत होते.

वाचन भरायचं ते जिन्याखालच्या खोलीत. तिथे केरसुण्या आणि बादल्या असायच्या आणि आवाज घुमायचा नाही. वर्गात बाई समोर असल्या की पोरं घाबरतात म्हणून बाईंनीच ठरवलं होतं की एकेकाने तिथे बसून निवांत वाचायचं, आणि कुणाला किती वेळ लागतोय ते मैनेनं बघायचं. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त मजा वाटली.

तीन दिवसांत मी दहा पोरं वाचली. शिट्टीसाठी जीभ दाताला लावून वाफ काढली. घोगऱ्यासाठी घशात खरखर आणली, मध्येच खोकला घातला, कारण तो खोकतो. एक पोरगी वाक्याच्या शेवटी नेहमी वर जायची, तीही वर नेली. अगदीच सगळं हिरवं आलं तर संशय येईल म्हणून प्रत्येकाच्या दोन-तीन चुका, ज्याच्या त्याच्या नेहमीच्या. पोरं शेजारी उपड्या बादलीवर बसून तोंड दाबून हसायची. “अगं, मी एवढा चांगला वाचतो?” शिट्टी म्हणाला, आणि पुन्हा एकदा लावून स्वतःलाच ऐकत बसला.

मुंगी आली. मी हात पुढे केला, “दे.”

तिने टॅब पाठीमागे धरला.

“अगं, दे. तुझा आवाज सगळ्यात सोपा, कुणी ऐकलाच नाहीये.”

“माझं मीच वाचणार,” ती म्हणाली.

हे मी तिचं ऐकलेलं पहिलं अख्खं वाक्य. मी बाहेर येऊन दाराशी थांबले. दहा ओळींचं पान. आतून एक शब्द यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मी उभी राहून राहून एक पाय बदलला, दुसरा बदलला. मुंगी बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती. टॅबवर अडतीस टक्के.

“तुझ्यामुळे तास जाणार बघ,” मी म्हटलं. चेष्टेत म्हटलं. खरंच चेष्टेत.

त्या आठवड्यात एकदा शाळा सुटल्यावर मी टॅब कपाटात लावायला गेले, तर बाई कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. वाटलं, मावशीचं ऐकतायत. त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, “मैना, बस. हे ऐक.” एक कान मला दिला.

शिट्टी वाचत होता. म्हणजे मी.

“छान वाचलंय ना?”

“हो बाई. सुधारला हं.”

“हा घोगऱ्या. आणि ही बघ.” त्यांनी तिघांचं थोडं थोडं लावलं. “हे सगळे स्वल्पविरामाच्या आधी श्वास घेतात. माणूस स्वल्पविरामावर श्वास घेतो. एक शब्द आधी घेणारं माझ्या ओळखीत एकच आहे, आणि ते दारामागून बटाटे वारले म्हणतं.”

मला हसू आलं. खरं सांगते, मला वाटलं त्याही हसतील. मी सगळं सांगून टाकलं, व्हरांडा, साहेब, बादल्या, खोकलासुद्धा. “तुमचा तास राहावा म्हणून केलं, बाई! नव्वदच्या खाली कुणी नाही. मुंगी सोडून. ती ऐकेचना.”

बाईंनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, वायर सरळ केली, मग पुन्हा सरळ केली.

“घंटेनंतर साहेब काय म्हणाले, ते ऐकलं नाहीत तुम्ही.”

“नाही.”

“साठ टक्क्यांच्या खाली निदान दहा मुलं असली, तर तास. नसली, तर गरज नाही. पंचेचाळीस म्हणजे आपलं अगदी बरोबर चाललं होतं गं. मुलं पुढे सरकतायत आणि अजून तास हवाय. पुढच्या वर्षी पोचली असती साठाला.” मग म्हणाल्या, “मीच सांगायला हवं होतं तुम्हाला. मला वाटलं, मुलांना कशाला हे आकडे.”

“मग आत्ता सांगा ना साहेबांना! मी सांगते, मी केलं म्हणून!”

“परवाच गेलं सगळं वर. आणि सांगून काय होईल? साहेब येतील. त्या दहा जणांना एकेक करून उभं करतील, सगळ्यांसमोर, आणि म्हणतील, वाच आता. शिट्टीला. सगळ्यांसमोर.” त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. “वर्ष गेलं माझं त्यांच्या पोटातलं दुखणं घालवायला. नाही सांगायचं. कळलं?”

कळलं होतं, तरी मी दुसऱ्या दिवशी हेडसरांकडे गेले. पोरांची नावं सांगायची नाहीत, नुसतं मी केलं म्हणायचं, असं ठरवून. हेडसर खुशीत होते. टेबलावर वरून आलेलं पत्र होतं, ‘एका वर्षात अशी झेप घेणारी एकमेव शाळा’.

“सर, ते वाचन पोरांचं नाही. माझं आहे.”

“काय आहे की, आता हे नवं नाटक?”

मी तिथल्या तिथे शिट्टी करून दाखवला. मग घोगऱ्या, खोकल्यासकट. हेडसर हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, “वा! काय आहे की, हुबेहूब!” आणि मग एकदम थांबले. पत्राकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. उठून दार लावलं. ते बोलले तेव्हा त्यांच्या बोलण्यात एकदाही ‘काय आहे की’ आलं नाही.

“तू इथे आली नव्हतीस. तू काही वाचलं नाहीस. जा वर्गात.”

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सभागृहात बाईंचा सत्कार झाला. टक्केसाहेबांनी फुलांचा गुच्छ दिला आणि गुंडाळी केलेलं मानपत्र दिलं. म्हणाले, “या शाळेतली मुलं आता शंभर टक्के स्वतःच्या पायावर उभी आहेत. हे टॅब आता जिथे गरज आहे तिथे जातील. बाईंचं कार्य इथे पूर्ण झालं.” टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात आमच्या अकरातल्या दहांनी वाजवल्या. ‘कार्य पूर्ण झालं’ म्हणजे काय ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, दोन माणसं खोके घेऊन टॅब न्यायला आली तेव्हा.

“पण आकडे तर उत्तम होते!” शिट्टी म्हणाला. मग सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली आणि सगळे मुंगीकडे वळले. घोगऱ्या म्हणाला, “हिचे अडतीस. म्हणून गेला.” कुणीतरी तिचं दप्तर पायाने सरकवलं. मुंगी मान खाली घालून बाकावरचा एक ओरखडा नखाने खरवडत राहिली.

मी तिथेच होते. मला सगळ्यांचे आवाज येत होते आणि माझा निघाला नाही.

शेवटच्या तासाला बाई आल्या. अकरा टॅब खोक्यात गेले होते, एक त्यांनी मागून घेतला होता, तासापुरता. मुंगी उठून त्यांच्या टेबलाशी गेली. स्वतःहून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं तिने विचारलं, “बाई, माझ्यामुळे गेला ना तास?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग दप्तराकडे, मग आमच्या सगळ्यांकडे.

“बस,” त्या म्हणाल्या. “आज मावशी नाही. आज एक वाचन ऐकायचंय. कुणी मध्ये बोलायचं नाही.”

त्यांनी टॅब भिंतीवरच्या स्पीकरला जोडला. आधी नुसती खरखर. मग बादलीचा आवाज. मग मुंगी. ‘स-का-ळी’. थांबली. एवढा वेळ थांबली की वाटलं संपलं. ‘सकाळी’. मग पुढचा शब्द. चुकली, मागे गेली, पुन्हा आली. दाराबाहेर कुणीतरी पाय बदलला, तेही ऐकू आलं, ती मी. स्वल्पविराम आला, तिथे तिने श्वास घेतला. बरोबर तिथेच. पोरं आधी चुळबुळली, मग चुळबुळ थांबली. सहाव्या ओळीवर एक मोठा शब्द होता, आणि तो येतो का नाही म्हणून शिट्टी बाकावरून अर्धा उठला. पहिल्यांदा नाही आला. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याने हळूच ‘हां’ म्हटलं.

दहा ओळींना सात मिनिटं लागली. आवाज बंद झाला. बाई म्हणाल्या, “पूर्णविराम.”

मग मी उठले आणि सांगितलं. तास मुंगीमुळे नाही, माझ्यामुळे गेला. आकडे उत्तम होते म्हणूनच गेला. कुणाचीही नक्कल न करता बोलायचं मला जमत नव्हतं, मध्येच हेडसर यायचे, मध्येच मावशी. पोरांना आधी पटलं नाही. मग पटलं. घोगऱ्या उठला, मुंगीचं दप्तर उचलून तिच्या बाकावर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन बसला.

बाई गेल्या त्या गुच्छ टेबलावरच ठेवून गेल्या. मानपत्र मात्र नेलं. म्हणाल्या, “यात तीन चुका आहेत छपाईच्या. खुणा करून परत पाठवते.”

पुढच्या वर्षी मी पोरांना जिन्याखाली जमवलं. टॅब नव्हते, म्हणून मीच मावशी झाले. पुस्तकातल्या शब्दाखालून बोट सरकवत त्या सपाट सुरात वाचायचे. खांद्यावर एकदा टिचकी मारली की थांबायचे, दोनदा मारली की मागचं वाक्य. पहिल्या दिवशी सगळी हसली. टिचक्यांनी माझा खांदा काळानिळा झाला. पण कासव होणं मला जमेना, आणि थांबल्यावर पुढे काय विचारायचं ते मला येत नव्हतं. ते बाईंना येत होतं. मी थांबले की नुसतीच थांबायचे. सहामाही परीक्षेच्याही आधी अकराची पाच झाली, पाचाची दोन. सातवीचं पुस्तक जाड होतं. शिट्टीचं पोट पुन्हा दुखायला लागलं. मग तो शाळेत यायचाच बंद झाला. काकाच्या टायरच्या दुकानात असतो. मी एकदा तिथून जाताना हाक मारली, तर त्याने पंप जोरात सुरू केला.

मुंगी मात्र येते. अजून सावकाशच वाचते. पण वाचते.

बाईंना मी भेटले ती यंदा, दहावीला लागल्यावर. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या छापणाऱ्या एका गाळ्यात त्या अर्धा दिवस बसतात. समोर दुसरी खुर्ची आहे, तिच्यावर कागदांचा गठ्ठा. बाई एका पत्रिकेचा हाताने लिहिलेला मूळ कागद धरून एकट्याच मोठ्याने वाचत होत्या, आणि वाचता वाचता छापलेल्या कागदावर स्वतःच खुणा करत होत्या. मला बघून त्यांनी गठ्ठा खाली ठेवला. “मैना! बस, बस.”

त्यांनी एकेकाचं विचारलं. घोगऱ्या बरा आहे म्हटलं. मुंगीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं, “रोज वाचते?” मग म्हणाल्या, “आणि माझा शिट्टी?”

टायरचं दुकान माझ्या तोंडातून निघेना. मी जीभ दाताला लावली. “सगळं सुरळीत आहे, बाई,” मी त्याच्या आवाजात म्हटलं, वाफेसकट. “सातवी पास झालो, आता सगळी पुस्तकं वाचतो.”

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. पूर्ण ऐकलं, मध्ये जांभई नाही, काही नाही.

“एक शब्द आधी श्वास घेतलास,” त्या म्हणाल्या.

मी खाली बघत बसले. कागदाची सळसळ ऐकू आली. त्यांनी पत्रिकेचा मूळ कागद उचलला होता आणि जिथे सोडली होती तिथूनच पुढे वाचायला लागल्या, हळू, प्रत्येक चिन्ह म्हणत. मी दुसऱ्या खुर्चीवरच होते. समोर छापलेला कागद होता आणि त्यावर एक लाल पेन्सिल. मी ती उचलली आणि ऐकत राहिले.